दुसऱ्या शेगडीवरचं पातेलं

"हे माझ्या एकट्यासाठीच का?" नागोजींनी ताटातल्या वाटीकडे बोट दाखवून विचारलं.

"हां मामा," सून भव्या म्हणाली. "तुम्हाला स्वल्प, थोडं वेगळं केलंय."

नागोजींनी वाटी नाकाशी नेली. आत पिवळट, पातळ सार होतं. शेजारी मुलाच्या, ऋतुराजच्या वाटीत नेहमीचं लालभडक सांबार होतं आणि तो ते भुरकतही होता. नागोजींनी वाटी तशीच खाली ठेवली, कोरड्या भाताचे चार घास गिळले आणि पोट दाबत उठले.

कॉटनपेटेतल्या त्या दोन खोल्यांत तीन आठवडे हे असं चाललं होतं. एका शेगडीवर घरादाराचं, दुसऱ्या शेगडीवर सासऱ्याचं छोटं पातेलं, वर झाकण. पण त्याच्याही आधीपासून एक गोष्ट चालली होती आणि ती फक्त आपल्यालाच माहीत आहे असं नागोजी समजत होते. सकाळी शौचाला बसलं की पोटात पिळवटून यायचं आणि रक्त पडायचं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा आदल्या दिवशीच्या बिटाच्या भाजीवर खापर फोडून ते मोकळे झाले. मग बीट सोडलं. मग मूळव्याध असेल म्हणून शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर उशी घेतली. रक्त काही थांबेना, आणि अशी गोष्ट सांगायची तरी कोणाला? बायको असती तर तिला सांगितलं असतं.

चाळीस वर्षं शिंप्याचं काम करून कोणावर विश्वास ठेवायची सवयच त्यांना राहिली नव्हती. गिऱ्हाईक छाती फुगवून सांगायचं, कंबर चौतीस. नागोजी टेप लावायचे आणि छत्तीस निघायची. सुनेच्या बाबतीतही त्यांनी टेप कधी खाली ठेवली नाही. तुमकूरकडची कन्नड मुलगी, ऋतुराजनं ऑफिसात पसंत केलेली. दोन वर्षांत मराठी शिकली, उलट शब्द बोलली नाही. एवढी गरीब कोण असतं, असं त्यांना वाटायचं.

एक दिवस त्यांनी टेप स्वतःच्याच कमरेला लावली. छत्तीसची बत्तीस झाली होती. त्या दिवसापासून पँट सुतळीनं बांधून वर शर्ट सोडायला लागले, आणि त्याच संध्याकाळी दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे गेले.

गोदूबाईंनी सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं. "वेगळं शिजवती म्हणतोस?"

"हां अक्का. झाकण घालून."

"मग काय राहिलं रे सांगायचं, नागू? मद्दू घातलाय तुला."

मद्दू म्हणजे काय हे त्या कन्नड मुलखात कोणी समजावून सांगायला लागत नाही. माणूस मुठीत ठेवायचा असला की जेवणातून काहीतरी मंतरलेलं खायला घालतात, ते आत चिकटून बसतं आणि माणूस झिजत जातो. नागोजींना भीती वाटली, पण आपला संशय खरा निघाल्याचं थोडं समाधानही वाटलं. मग तर पाळतच सुरू झाली. सून पहाटे त्यांचे कपडे वेगळे काढते, मागच्या नळावर नेते आणि दाराला कडी लावते. फटीतून पाहिलं तर त्यांच्या लेंग्यावर पुडीतलं काहीतरी पांढरं चोळत होती. आणखी पुरावा तो काय हवा?

गुरुवारी "चिकपेटेत बटणं आणायला जातो," असं सांगून ते अक्काबरोबर कोलारच्या बसमध्ये बसले. कोलारच्या पुढे एका खेड्यात मद्दू काढून देणारा म्हातारा होता. त्यानं हिरवा रस पाजला. नागोजी आतडी पिळेपर्यंत ओकले. म्हाताऱ्यानं घमेल्यात काडी फिरवून एक काळी गोळी वर काढली. गोदूबाईंनी हात जोडले.

दोन दिवस पोट शांत होतं, कारण पोटात काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या गणवेशाला काज करता करता अशी कळ आली की नागोजी स्टुलावरून खाली आले. उशीला रक्त लागलं होतं. भव्यानं रिक्षा थांबवली आणि त्यांना जयनगरला एका डॉक्टरांकडे नेलं.

"रक्त कधीपासून पडतंय?" डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं.

"आठ दिवस."

भव्या खाली बघत म्हणाली, "तीन महिने तरी झाले, सर."

नागोजींनी चमकून तिच्याकडे मान वळवली.

"कपडे मीच धुते ना, मामा," ती हळूच मराठीत म्हणाली. "मीठ लावलं की डाग निघतात. शेजारचे बघतील म्हणून दाराला कडी घालत होते. डाग वाढले तसं तिखट बंद केलं. तुम्ही सांगत नव्हता, सासऱ्यांना असलं कसं विचारायचं? ह्यांना पण सांगितलं नाही. चुकलंच माझं."

डॉक्टरांनी दोघांनाही फैलावर घेतलं. "रक्ताची कारणं पुष्कळ असतात. मूळव्याध असेल, आव असेल, आतड्याला सूज किंवा क्षय असेल. गाठही असू शकते. आत बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मूळव्याध," नागोजी म्हणाले. मद्दूचं नाव त्यांनी काढलं नाही.

आत बघितलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. गाठ सगळी निघेल का, हे पोट उघडल्यावरच कळणार होतं.

दवाखान्यात भरती व्हायच्या सकाळी ऋतुराज रिक्षा आणायला गेला. गोदूबाई उंबऱ्याशी बसून भावाला खुणावत होत्या, काही खाऊ नकोस. नागोजींनी पाटावर बसून पातेल्यातलं सार मागून घेतलं, वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली.

"मला वाटलं, तू मद्दू घालतेस," ते म्हणाले. बहिणीसमोरच म्हणाले.

"ठाऊक होतं, मामा. खिशात कोलारचं तिकीट होतं. शर्टावर हिरवं ओकलेलं होतं. आमच्या गावचे लोक पण तिकडंच जातात."

"आणि तरी वेगळं शिजवत राहिलीस?"

"तुम्हाला तिखट सोसत नव्हतं," भव्या म्हणाली आणि वाटी भरली.

नागोजींना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मान वर न करता त्यांनी ते सार संपवलं.

मग तिनं इस्त्री केलेली पँट आणून दिली. सवयीनं त्यांनी कंबर उलटी करून पाहिली. तिनं ती हातानं आत घेतली होती. टाके वाकडे, दोरा वेगळ्याच रंगाचा. असं काम कोणी त्यांच्यासमोर आणलं असतं तर त्यांनी भिरकावून दिलं असतं. आत चार इंच कापड तसंच दुमडून ठेवलेलं होतं.

"कापलं नाहीस?"

"नाही. अंग भरलं की उसवायचं, मामा."

बाहेर रिक्षा येऊन थांबली. नागोजींनी आत जाऊन पँट चढवली. कमरेला बरोबर बसली. सुतळी त्यांनी गुंडाळून मशीनच्या खणात टाकली आणि शर्ट नीट आत खोचून ते बाहेर आले.