सुरमईखालची बंदूक

लहू नाखव्याच्या घरात एक बंदूक होती आणि बंदुकीपेक्षा मोठं एक तोंड होतं. बंदूक आजोबांच्या वेळची, दुनळी, लायसनवाली. तोंड लहूचं स्वतःचं, आणि त्याला सरकारने लायसन ठेवलेलं नाही, हे कोळीवाड्याचं दुर्दैव.

अंधेरीला पश्चिमेकडे टॉवर संपून खाडी लागते, तिथे हा कोळीवाडा. नारळी पुनवेला सोन्याचा नारळ पाण्यात सोडला की नाखव्यांनी बंदुकीचा एक बार काढायचा, हा त्यांच्या घराण्याचा मान. आजोबांनी काढला, बापाने काढला, लहूनेही काढला. पुढे कायदा कडक झाला. मिरवणुकीत बार काढणाऱ्याला थेट आत घेऊ, असं पोलिसांनी बजावलं, आणि तेव्हापासून लहू रिकामी बंदूक खांद्यावर टाकून नुसता चालायचा. बाराच्या जागी कुणीतरी पोरगं सुतळी बॉम्ब लावायचं.

राहिलेलं शौर्य लहू तोंडाने पुरं करी. मढच्या बाजूला आपण एकदा बिबट्या कसा लोळवला हे तो नाक्यावर सांगायचा, आणि तो बिबट्या दर वर्षी थोडा वाढायचा. त्याची बायको जया बाजारात मासळी विकते. तिला विचाराल तर या बंदुकीने उभ्या आयुष्यात एकच बदक मारलं, आणि तेही शेजाऱ्यांनी पाळलेलं होतं. पण नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडणं तिच्या स्वभावात नव्हतं. ते काम ती घरी करायची.

बंदूक कुलपात ठेवावी असा नियम आहे. नाखव्यांच्या घरात भक्कम कुलूप एकाच खोलीला होतं, जिथे पावसाळ्यासाठी सुके बोंबील, जवळा आणि खारवलेली मासळी भरून ठेवतात तिथे. लहूच्या बापाने लोखंडी कपाट त्याच खोलीत रचलं आणि बंदूक त्यात ठेवली. तपासणीला आलेला एक हवालदार दारापर्यंत गेला, नाकाला रुमाल लावला आणि तिथूनच म्हणाला की इथे कोण चोर मरायला येणार. खरंच, चोर कधी आला नाही. मीठ मात्र रोज होतं.

कपाटाची चावी आपल्या कमरेला असते, असं लहू सगळ्यांना सांगायचा. कमरेला जी चावी होती ती कधीकाळी विकलेल्या स्कूटरची. खरी चावी जयाच्या बटव्यात, कारण लहू स्वतःला सोडून बाकी सगळं हरवायचा. म्हणजे कागदावर बंदूक त्याची होती आणि सांभाळत ती होती, आणि या वाटणीबद्दल दोघांची कधी तक्रार नव्हती.

यंदा माशी शिंकली ती परेशमुळे. परेश हा लहूचा पुतण्या, मंडळाचा अध्यक्ष, डीजेवाला. सभेत मिरवणुकीचं ठरत होतं, तेव्हा तो म्हणाला की काकांच्या हातात बंदूक द्या नाहीतर काठी द्या, फरक काय पडतो. सगळे हसले. लहूही हसला, पण घरी आला तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो फोर्टात बंदुकीच्या दुकानात गेला आणि लायसन दाखवून काडतुसं घेऊन आला. दुकानदार भला माणूस होता. खाऱ्या हवेत ठेवलेली जुनी बंदूक आधी तपासून घ्या, असं त्याने दोनदा सांगितलं. त्याने आपल्याला ‘शेठ’ म्हटलं, एवढंच लहूच्या लक्षात राहिलं.

यंदा बार काढणार, असं त्याने जयाला सांगून टाकलं. पोलिसांनी धरलं तर धरू दे. त्याला धरतील याची जयाला फारशी काळजी वाटली नाही, चार दिवस घर शांत राहिलं असतं. पण त्या दुपारी बोंबील काढायला ती खोलीत गेली, सहज कपाट उघडलं आणि नळीवरून बोट फिरवलं. मासळीचे खवले सुटावेत तसे गंजाचे पापुद्रे हातात आले. मागच्या बाजूला, जिथे काडतूस बसतं तिथे, नख आत जाईल एवढा खड्डा पडला होता. तिच्या माहेरच्या होडीचा लोखंडी पाइप असाच आतून खाल्ला गेला होता. एक दिवस तो फुटला, आणि तिच्या भावाचा उजवा पंजा आजही नीट मिटत नाही. जया तिथेच बोंबलांच्या गोणीवर बसली. तिला भीती वाटली, खरोखरची.

तिने लहूला सांगितलं. बंदूक म्हणजे काय बोंबील आहे का खराब व्हायला, असं तो म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं, तर त्याने बिबट्या काढला. चावी देणार नाही म्हटल्यावर, पहारीने कपाट फोडीन म्हणाला, आणि तेवढं तो करण्यातला होता. परेशला सांगण्यात अर्थ नव्हता, त्याने ते डीजेवर जाहीर केलं असतं. मग जयाला निवडणूक आठवली. प्रत्येक निवडणुकीला लहू बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून यायचा. आपण आताच जमा केली तर पुनव निघून जाईल, नवऱ्याचा हात शाबूत राहील, बास.

चूक झाली ती इथे. जयाला वाटलं, हे रेशनकार्डासारखं असणार. घरातलं कुणीही घेऊन गेलं तरी चालतं.

लहू जेट्टीवर गेल्यावर तिने बंदुकीचे दोन तुकडे सुटे केले. ते तिने शंभर वेळा पाहिलं होतं. ते प्लास्टिकात गुंडाळून पाटीत घातले, वर बर्फ, बर्फावर एक चांगली हातभर सुरमई. काडतुसं वेगळ्या डब्यात. ठाण्यात पोचेपर्यंत बंदूक कुणाच्या नजरेला पडू नये एवढाच तिचा विचार होता, आणि कोळणीच्या पाटीत कोण हात घालतंय. पहिल्या रिक्षावाल्याने वासामुळे नाही म्हटलं, दुसरा नाक मुरडत तयार झाला. सिग्नलला एका बाईने गाडीची काच खाली करून सुरमईचा भाव विचारला. विकायची नाही, असं जयाने सांगितलं. गिऱ्हाइकाला असं उत्तर तिने जन्मात पहिल्यांदाच दिलं.

ठाण्यात चेतना मॅडम फौजदार होत्या. जयाने पाटी सरळ त्यांच्या टेबलावर ठेवली. सुरमई बघायला दोन शिपाई पुढे आले. तिने सुरमई उचलली, बर्फ सारला, आणि खालून नळी वर आली तसे ते दोघे होते त्याहून लांब जाऊन उभे राहिले.

“जमा करायचीय,” जया म्हणाली. “पुनवेनंतर नेईन.”

चेतना मॅडमनी लायसन कुणाच्या नावावर आहे ते विचारलं, मालकाने लेखी काही दिलंय का ते विचारलं, आणि मग डोक्याला हात लावला. लायसन नसलेल्या माणसाने, मालक सोबत नसताना आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक आणि काडतुसं घेऊन अर्ध्या अंधेरीतून रिक्षाने यायचं, हा साधासुधा गुन्हा नाही, हे त्यांनी समजावलं. जयाला अर्धंच कळलं. पण केस आपल्यावर होऊ शकते, ते मात्र पूर्ण कळलं. मॅडमनी लहूला फोन लावला.

लहू आला तो इस्त्रीच्या शर्टात, बटणं चुकवून. त्याने टेबलावरची बंदूक पाहिली, सुरमई पाहिली, बाकावरची बायको पाहिली. मग तो चुकलेली बटणं काढून पुन्हा लावू लागला.

“काका, सरळ विचारते,” चेतना मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला न सांगता कुलूप उघडून यांनी बंदूक आणली असेल, तर केस यांच्यावर. तुमचं लायसन कदाचित वाचेल. तुम्हीच पाठवली असेल, तर हलगर्जी तुमची. मग लायसन रद्द करा म्हणून मी वर लिहिणार. बंदूक परत मिळणार नाही.”

लहू काय बोलणार ते जयाला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्याने हजार थापा मारल्या होत्या, आणि त्यातल्या एकीतही तो लहान झाला नव्हता. बंदूक गेली तर त्याच्यापाशी राहिलं काय? मान गेला, बिबट्या गेला, नाक्यावरची बैठक गेली. तिला त्याचा राग आला नाही. चूक आपली आहे असं म्हणायला ती उठलीसुद्धा.

“मीच पाठवली,” लहू म्हणाला.

“तुम्ही?”

“बार काढायचा माज आला होता मना. मंग नळी बघितली, गंजलेली. भ्यालो. स्वता येवाला लाज वाटली, म्हनून हिला पाठवली.”

“आणि चावी? ती यांच्याकडे कशी?”

“तिच्याकडंच असते पयल्यापासून,” लहू म्हणाला. “मी हरवतो.”

दोन्ही शिपाई गालातल्या गालात हसले. उद्या हे अख्ख्या कोळीवाड्याला कळणार होतं, परेशला सगळ्यात आधी. चेतना मॅडमनी एकदा लहूकडे पाहिलं, एकदा जयाकडे, आणि लिहायला घेतलं. जयाला रडू येत होतं, आणि शिपायांसमोर रडू येतंय म्हणून स्वतःचा रागही येत होता. ती टेबलाजवळ गेली.

“मॅडम, ते भ्याले असं नका ना लिवू,” ती म्हणाली. “बाकी काय पन लिवा.”

लहूने तिचा दंड धरला आणि तिला जरा बाजूला ओढलं.

“लिवू दे गो,” तो हळूच म्हणाला. “ठान्यातून फोन आला तवा भ्यालोच ना मी.”

खोली एवढीशी होती, ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. चेतना मॅडमचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी मान वर न करता एका शिपायाला पंखा वाढवायला सांगितला, आणि लहूने आधी सांगितलं होतं तेच लिहीत राहिल्या.