हेझलला कोयता

‘आपल्या रानात नाइटिंगेल अजून गातो का?’ हेस्टरच्या या पत्राला एडविननं आठ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ती इंग्लंडमधलं डॉर्सेट सोडून कॅनडाला गेल्यापासून त्यानं तिच्या आठवणीखातर हेझलच्या झाडांना कोयता लावू दिला नव्हता. झाडं वाढून उंच, बुडाशी विरळ झाली आणि दाट झुडपात राहणारा तो पक्षी गेला. हे तिला कसं कळवायचं?

शेवटी शेजारचा लाकूडतोड्या सायलस वैतागला. “मास्तर, तुमच्या मायेनंच पाखराला हाकललं! बुंध्याशी तोडा, पुन्हा दाट फुटेल.”

दोघांनी मिळून हेझल तोडली. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात त्या दाट फुटव्यातून गाणं आलं. एडविन बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग घरी येऊन त्यानं लिहिलं, ‘गातो. ऐकायला येशील?’ आणि धीर सुटायच्या आत पत्र पेटीत टाकलं.