डोळ्यांची आखणी

पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचे ते गुणाजीनेच. चाळीस वर्षं एकच रीत: कुंचला टेकवायचा, श्वास रोखायचा आणि रेघ संपली की सोडायचा. श्वास घेतला की हात हलतो, ही बापाची शिकवण.

यंदा मुंबईत त्याच्या फुप्फुसाचा एक भाग काढला आणि आतली जखम काही भरेना. म्हणून रोह्याच्या एका दवाखान्यात रोज दीड तास काचेच्या मोठ्या नळकांड्यात पडून दाबाखालचा ऑक्सिजन घ्यायचा, असं ठरलं. पहिल्याच दिवशी सरू सिस्टरने त्याच्या डोक्यावरचं खोबरेल साबणाने धुवायला लावलं. "ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं, काका."

"चाळीस वर्षं ह्या डोक्यावर तेल वततेय," त्याची बायको हौसा फणकारली, "आन आज ते पेटनार व्हय!"

गुणाजीला घोर वेगळाच होता. गणपती दोन महिन्यांवर आलेले आणि पाच आकडे मोजेपर्यंतही श्वास रोखता येत नव्हता. यंदा डोळे दुसऱ्याच्या हातून?

तेराव्या दिवशी दाब उतरू लागला, तेव्हा तो पडल्या पडल्या काचेवर बोटाने डोळा आखत होता. वरची पापणी आली आणि सवयीने श्वास रोखला गेला. छाती हलेना हे काचेतून दिसताच सरूने दाब उतरवणं तिथल्या तिथे थांबवलं.

"काका, श्वास सोडा!" आतल्या स्पीकरमधून तिचा आवाज कडाडला. "दाब उतरताना रोखलात तर आतली हवा फुगेल, फुप्फुस फाटेल!"

गुणाजीने घाबरून सोडला.

"हां. आता घ्या, आणि हळू सोडा. लांब."

बोट अजून काचेवरच होतं. सुटत्या श्वासाबरोबर तेही निघालं आणि पापणीच्या टोकापर्यंत गेलं. तसूभर हललं नाही.

बाहेर आल्यावर हौसाने विचारलं, "हसताय काय असं?"

"अगो, सोडताना पन हात थारतो! बापाला ठावकच नव्हतं."

तीस खेपा झाल्या, जखम भरली. कारखान्याचे मालक महिपतीशेठ यांनी पहिली मूर्ती त्याच्यापुढे ठेवली आणि काळजीने बाजूलाच उभे राहिले. गुणाजीने कुंचला टेकवला. ओठांतून बारीक सूं सूं निघाली, रेघही निघाली.

"गुणाजी, शिट्टी कसली वाजवतोस रे?"

डावा डोळा पुरा करून गुणाजीने कुंचला रंगात बुडवला.

"वाजू दे, शेठ. उजवा ऱ्हायलाय, मधी बोलू नका."