विझलेले ठिपके

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि आज मी चिडलेलो आहे. गोड बोलणं जमणार नाही.

मी साधासुधा नाही. केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग मला दिसतो. त्यासाठी नमुन्याला चमकणारा रंग लावतात. त्या रंगाचे ठिपके मी थोडे थोडे पेटवतो, एकेकाची जागा टिपतो आणि जोडून चित्र काढतो. पण रंगाचा जीव केवढा! जोराचा उजेड फार वेळ पाडला, की तो कायमचा विझतो.

मी नवा होतो तेव्हा शेजारून कुणी धपाधपा चाललं, तरी प्रयोगशाळेतली ताई दटावायची, "हळू, लेकरू झोपलंय." आता माझ्या डोक्यावर लोक कोट टाकतात. तेही सोसलं असतं.

एका लहान मुलीचा खोकला जन्मापासून हटत नव्हता. श्वासनलिकेतले बारीक केस हलत नसावेत, असा डॉक्टरांना संशय. तसलेच केस नाकातल्या पेशींवरही असतात, म्हणून तिच्या नाकात ब्रश फिरवून पेशी काढल्या. तिला तिघांनी धरलं होतं. जेमतेम एक काच तयार झाली. ताईने खपून रंग चढवला, काच माझ्यावर ठेवली आणि संगणक आणायला गेली.

तेवढ्यात मोठे साहेब पाहुणे घेऊन आले.

"फिकट दिसतंय हो," एक पाहुणा म्हणाला.

"थांबा, वाढवतो की." साहेबांनी उजेड पूर्ण सोडला. सगळ्यांनी आळीपाळीने डोळा लावला, मोबाईलवर फोटो काढले आणि उजेड तसाच ठेवून जेवायला गेले.

ताईने येऊन डोळा लावला, तर आत काळोख.

साहेब पाहुण्यांसह जेवून परतले, तेव्हा ती म्हणाली, "साहेब, नमुना जळाला."

"मशीन म्हातारं झालंय. म्हातारपणी डोळे जायचेच."

सगळे हसले. ताईने विझलेली काच काढून घेतली. मला तोंड नाही.

मुलीला परत बोलावलं. "बाबा, परत नाकात?"

"मशीन बिघडलं होतं ना, बाळा."

ती दारातून माझ्याकडे बघत म्हणाली, "वाईट आहे ते."

या वेळी ताई उठलीच नाही. मंद उजेडात मी त्या केसांच्या आत पाहिलं. त्यांना हलवणारा एक दुवा जागेवर नव्हता. आजार सापडला, औषधं ठरली. मुलीला सांगितलं, "मशीन दुरुस्त केलं गं."

मित्रांनो, माझा एक स्क्रूसुद्धा कुणी फिरवला नव्हता. यंत्र वापरून झालं की उजेड बंद करा. विसरलात, तर "मी विसरलो" म्हणा. आणि त्या मुलीला कुणीतरी खरं सांगा. ती अजून मला घाबरते.