पाया कावून पडू?

भातकुलीच्या शाळेत सरोजिनीबाई चौथीच्या वर्गाला गाडगेबाबांचं चरित्र वाचून दाखवत. बाबांना जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, पोरांच्या आईबापांनी त्यांची कीर्तनं ऐकलेली. त्यामुळे रोज एकच पान वाचायचं ठरलं, तरी पोरं दुसरं उलटायला लावत. शालू तर सरकत सरकत बाईंच्या पुढ्यात येऊन बसायची.

त्या सोमवारी डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते. बाईंची नोकरी अजून कच्ची. साहेबांना वर्ग आवडला तर त्या कायम, नाहीतर चंबूगबाळं आवरून अमरावतीला आईकडे. हेडमास्तर शेषराव गुरुजींनी सकाळीच शाळा झाडून-सारवून घेतली आणि फर्मान काढलं, शालू हार घालेल आणि साहेबांच्या पाया पडेल.

साहेब आले. शालूनं हार घातला आणि तशीच ताठ उभी राहिली. गुरुजी खाकरले, त्यांनी डोळे वटारले. पोरगी ढिम्म हलेना.

"पाया पड नं, पोरी!"

"बाबा कोनालेच पाया पडू देत नव्हते, गुर्जी. मंग मी कावून पडू?"

गुरुजींचं तोंड पांढरंफटक पडलं. साहेबांनी मात्र शालूलाच विचारलं, "मग गावात माणसं भेटायला आली की बाबा काय करायचे?"

शालू कोपऱ्यात धावली आणि खराटा आणून तिनं साहेबांपुढं धरला. "गाव झाडाले लावत."

"कोणी शिकवलं हे हिला?" गुरुजी कडाडले.

बाईंना आपली कच्ची नोकरी आठवली. पोरगी आगाऊ आहे, एवढं म्हटलं की सुटका होती. पण खराटा धरलेला तो इवलासा हात जरासुद्धा कापत नव्हता. त्या हाताचं बाईंना इतकं कौतुक वाटलं, की स्वतःच्या भीतीची लाज वाटली. महिनाभर आपण नुसतं वाचत होतो, ऐकलं ते या पोरीनं.

"मीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "आणि ती चुकलेली नाही."

साहेबांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि खराटा हातात घेतला. "झाडायचं कुठं राहिलंय, बेटा?"

"हेडमास्तरच्या खोलीमांगं. सकाळचा समदा कचरा तिथंच लोटला नं."

साहेब निघाले, मागे अख्खी चौथी, आणि त्यांच्यामागे धोतर सावरत गुरुजी. घटकाभर शाळेमागं नुसता धुरळा उडत होता.

हात धुता धुता साहेब म्हणाले, "बाई, तुमची जागा पक्की समजा. फक्त पुढच्या खेपेला हार नको."