सम्राटाच्या कानामागचा खड्डा

मी रोमन सम्राटाचं नाणं बोलतोय. दोन हजार वर्षांचं म्हणून मला विकलं, पण खरं सांगू? माझा जन्म अगदी अलीकडचा, एका पत्र्याच्या शेडमधला. तिथल्या कारागिराने एका खऱ्या नाण्यावरून साचा घेतला, वितळलेला धातू ओतला आणि आम्ही भावंडं पटापट बाहेर पडलो. खऱ्या नाण्याला सम्राटाच्या कानामागे झिजून एक बारीक खड्डा पडला होता. तो आम्हा सगळ्यांना आला, अगदी त्याच जागी. कडेला साच्याची शिवण उमटली होती, ती कानशीने घासली. मग रसायनात बुडवलं, माती फासली. झालो प्राचीन!

इंटरनेटवर माझा फोटो लागला, 'शेतात सापडलेलं, दुर्मिळ.'

मला घेतलं एका म्हाताऱ्या नाणेसंग्राहकाने. सगळे त्याला मास्तर म्हणत. छंदी मंडळींत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "मास्तर, हे घेऊ का?" असं विचारल्याशिवाय कुणी खरेदी करत नसे. पण आता डोळ्यांनी दगा दिला होता. मुलगी भिंगातून बघून वर्णन करायची आणि निकाल तो द्यायचा.

पाकीट फोडलं तेव्हा म्हाताऱ्याला आनंद आवरेना. या सम्राटाच्या नाण्यासाठी तो जन्मभर झुरला होता.

"कड बघ गं, शिवण आहे का? आणि त्या विक्रेत्याची बाकीची नाणी बघ. हाताने ठोकून पाडलेली दोन नाणी कधी तंतोतंत सारखी नसतात. दोघांवर एकच खोट दिसली की समजायचं, ओतीव माल."

तिने पाहिलं. माझ्या कडेला कानशीचे ओरखडे होते. फोनवर माझी भावंडं होती, सगळ्यांच्या कानामागे तोच खड्डा. मग तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही बाबा. कड स्वच्छ आहे. आणि असं दुसरं नाहीच त्याच्याकडे."

अरे देवा! मला कंठ असता तर तिथेच ओरडलो असतो. तिला वाटलं, म्हाताऱ्याचा आनंद घरातल्या घरात राहील. पण त्याने लगेच मित्रांना फोन लावले. "अस्सल आहे रे! बिनधास्त घ्या त्याच्याकडून." माझी भावंडं हातोहात खपली.

काही दिवसांनी त्याचा जुना मित्र, एक बेकरीवाला, आला. त्याने आपलं नाणं मास्तरच्या तळहातावर ठेवलं. "तपासून आणलं. खोटं निघालं. तुमच्या शब्दावर घेतलं होतं, मास्तर."

मास्तरने मला दुसऱ्या हातात घेतलं. दोघांवर नख फिरवलं. कानामागे आलं आणि थांबलं.

मित्र गेल्यावर त्याने मुलीला विचारलं, "तुला दिसलं होतं?"

"बाबा, तुम्ही इतके खूश होतात..."

"दिसलं होतं का?"

"हो."

"बरं."

एवढंच. आदळआपट नाही, शिवी नाही. आता नाणी बघायला तो शेजाऱ्याला बोलावतो. मुलगी चहा ठेवते आणि रिकामा कप घेऊन जाते. आधी या घरात दोघांच्या बडबडीला खंड नसायचा.

मला त्याने टेबलावर ठेवलंय. कुणी आलं की दाखवतो, "हे बघा, खोटं असं असतं." समोरचा विचारतोच, "मग अस्सल कुणी म्हटलं होतं?"

"मी," मास्तर म्हणतो. "माझीच चूक."

दाराआड मुलगी ऐकत असते. तिचं नाव काही येत नाही, आणि ती डोळे पुसत आत जाते.

मास्तर, मी बनावट, माझं कोण ऐकणार? तरी सांगतो. मला वितळवा, नाहीतर गटारात फेका, माझं काही म्हणणं नाही. पण एकदा तिला हाक मारा आणि चांगलं झापा हो. पोर रोज त्याचीच वाट बघतेय.