अण्णांचा वस्तरा

“या, बसा.” अण्णांनी चादर झटकली, तरी बाकावरचा एकही जण हलला नाही.

मी पडद्याअलीकडे एका बाईचे केस कापत होते. दुकान आमचं एकच. बायकांची बाजू मी बघते, पडद्यापलीकडे पुरुषांची बाजू नवरा आणि सासरे, म्हणजे अण्णा. पडद्याला फट आहे आणि मी काही डोळे मिटून काम करणाऱ्यांतली नाही.

“मला घाई नाही, अण्णा,” शिंपी म्हणाला. “तुमच्या मुलाचं हातातलं गिऱ्हाईक होऊ दे, मग बसतो.”

“मी जरा पेपर वाचतोय,” पोस्टमन म्हणाला. पेपर कालचा होता.

कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात अण्णांनी मास्तरांना कानाखाली कापलं. तुरटी लावली तरी रक्त थांबेना, कॉलर भिजली. वर अण्णा त्यांनाच म्हणाले, “हललात कशाला?” मास्तर बिचारे हलले नव्हते. हात हलला होता, आणि तो बरेच दिवस हलतोय.

तेव्हापासून मी ह्यांच्या मागे लागले होते. “त्यांना सांगा, वस्तरा खाली ठेवा म्हणावं. उद्या कुणाचा गळा कापला जायचा.”

“सांगतो.”

“कधी? मुहूर्त काढताय का?”

ह्यांचं उत्तर ठरलेलं. “देवाची आज्ञाच आहे, आईबापांचा मान राख, म्हणजे तुझं आयुष्य वाढेल.”

“तुमचं वाढेल हो. गिऱ्हाइकांचं काय?”

यावर हे हसायचे आणि विषय तिथंच राहायचा. भिडस्त माणूस. गिऱ्हाइकाला टक्कल पडतंय हे सांगायलाही ह्यांची जीभ रेटत नाही. आणि इथं तर सांगायचं कुणाला, ज्यांनी फुग्याला साबण फासून ह्यांना वस्तरा धरायला शिकवलं त्यांना! शेवटी आज सकाळी मी बजावलं, “आज तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलेन.” आणि मी बोलले असते.

अण्णांनी चादर पुन्हा झटकली. या वेळी ‘या’ही म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

तेवढ्यात ह्यांनी हातातलं गिऱ्हाईक उरकलं, ॲप्रन खुंटीला लावला आणि सरळ जाऊन अण्णांच्या खुर्चीत बसले.

“अण्णा, माझी करा.”

माझी कात्री थांबली. वेड लागलंय का ह्या माणसाला? हे सांगणं झालं?

अण्णांनी फेस केला, ब्रश फिरवला, वस्तरा उघडला. एक गाल झाला, मग दुसरा. डाव्या हातानं कातडी ताणून धरली की पातं कसंबसं नीट जायचं. तरी दोन जागी लाल ठिपके उमटलेच.

“मान वर कर.”

ह्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. मी पडदा सारून बाहेर आले. पातं गळ्यापाशी आलं आणि तिथंच राहिलं, थरथरत.

“भीती नाही वाटत रे?” अण्णांनी विचारलं.

“वाटते. करा तुम्ही.”

अण्णांनी पातं गळ्यावरून उचललं. मग त्यांनी वस्तरा मिटला आणि ह्यांच्या हातात दिला.

“गळ्याचं तू कर. माझ्याच्यानं आता व्हायचं नाही.”

आणि आपला फेसानं भरलेला हात ह्यांच्या डोक्यावर ठेवला. ओठ हलले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मग बाकावर जाऊन शिंप्याशेजारी बसले, गिऱ्हाइकासारखे. शिंप्यानं सरकून जागा दिली.

ह्यांनी आरशात बघून गळ्याची दाढी उरकली आणि पोस्टमनला हाक मारली. फेस केसांत तसाच होता. ह्यांच्या कॉलरवर एक केस पडला तरी मी झटकते. मी टॉवेल घेऊन दोन पावलं गेलेही, पण ह्यांनी ‘नको’ म्हणून नुसती मान हलवली. दुकान बंद होईपर्यंत हे तसेच काम करत राहिले, आणि फेस वाळून केस पांढरे झाले.